स्किनवॉकर रँच : आठ वर्षांची जागल आणि न झालेला पंचनामा

जुन्नर तालुक्यात पशुवैद्य म्हणून नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. जुलैतल्या एका सकाळी एका वस्तीवर पंचनाम्याला बोलावणं आलं. उसाच्या कडेला म्हशीचं रेडकू पडलेलं होतं, मागचा भाग खाल्लेला, पोट फाडलेलं. वनरक्षक आला होता, दोन पंच उभे होते. मालक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बिबट्यानीच मारलंय, लिहून टाका." त्या भागात बिबट्यांचा वावर होताच, त्यामुळे त्याच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. मी गळ्यावरची कातडी सोलली. जिवंत जनावराच्या गळ्यात सुळे घुसले की कातडीखाली रक्त साकळतं, मांस काळंनिळं दिसतं. मेल्यावर कुणी चावलं तर भोकं पडतात, पण रक्त साकळत नाही. या रेडकाच्या गळ्याला सुळा लागलेलाच नव्हता. कातडीखाली पिवळसर पाणी भरलं होतं. घटसर्प. रेडकू रात्री रोगाने गेलं आणि पहाटे कुत्र्यांनी ते फाडलं.

मी तसंच लिहिलं. मालकाची भरपाई गेली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण त्याच दुपारी गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांना औषध सुरू केलं आणि त्यातलं एकही दगावलं नाही. मी ‘बिबट्या’ लिहिला असता तर आठवडाभरात दावण रिकामी झाली असती.

हे आधी सांगितलं, कारण अमेरिकेतल्या स्किनवॉकर रँचचं प्रकरण मी याच नजरेने वाचत आलो आहे. उडत्या तबकड्या, प्रकाशाचे गोळे, गोळ्या खाऊनही न पडणारा लांडगा असं पुष्कळ काही त्या प्रकरणात आहे, आणि लोक त्यासाठीच ते वाचतात. मी वाचतो ते तिथल्या जनावरांसाठी. आकाशातला उजेड विझला की हाती काही उरत नाही. मेलेलं वासरू मात्र तिथेच पडून राहतं, आणि ते तपासता येतं.

जागा आणि माणसं

यूटा राज्याच्या ईशान्येला यूइंटा खोरं आहे. उत्तरेला त्याच नावाचे डोंगर, मध्ये कोरडं पठार, तेल-वायूच्या विहिरी, गुरांची कुरणं आणि यूट या आदिवासी जमातीचं मोठं राखीव क्षेत्र. या क्षेत्राला लागूनच, बॅलार्ड गावाजवळ, सुमारे ५१२ एकरांची ही रँच आहे. १९९४ साली शर्मन कुटुंबाने ती विकत घेतली. जातिवंत गुरं पाळून पैदास करायची, असा त्यांचा बेत होता. दोनच वर्षांत ते टेकीला आले. जून १९९६मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ‘डेझरेट न्यूज’मध्ये त्यांची कहाणी छापून आली. रात्री फिरणारे दिवे, वेगवेगळ्या आकारांची यानं, नाहीशा झालेल्या आणि चिरफाड झालेल्या गाई. त्याच वर्षी लास व्हेगासचे उद्योगपती रॉबर्ट बिगेलो यांनी २ लाख डॉलरना रँच विकत घेतली आणि शर्मन यांनाच देखभालीला ठेवलं.

बिगेलो हे हौशी गृहस्थ म्हणून सोडून देता येण्यासारखे नाहीत. निवासी हॉटेलांच्या धंद्यात त्यांनी संपत्ती कमावली आणि पुढे अंतराळात फुगवता येणारी दालनं बनवणारी कंपनी काढली. १९९५ साली त्यांनी एनआयडीएस नावाची खासगी संशोधन संस्था स्थापन केली होती. कॉम केलहर हे जीवरसायनशास्त्रज्ञ, एरिक डेव्हिस हे खगोलभौतिकीचे अभ्यासक आणि निवृत्त कर्नल जॉन अलेक्झांडर तिच्यात होते. सल्लागार मंडळावर उडत्या तबकड्यांचे अभ्यासक जाक व्हाले यांच्याबरोबर एडगर मिचेल आणि हॅरिसन श्मिट ही चंद्रावर चालून आलेली दोन माणसं होती. रँच घेतल्याबद्दल, चमत्कारांचे दावे तपासून उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी बिगेलो यांना हेटाळणीचा वार्षिक पुरस्कार दिला. रँडींचं एकूण काम मला मोलाचं वाटतं, पण हा पुरस्कार पटत नाही. गुरं मेल्याचं सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर कुणीतरी पदरच्या पैशाने शास्त्रज्ञ पाठवले, यात हसण्यासारखं काही नाही. तपासणी करणं योग्यच होतं. ती कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

नावाविषयी थोडं सांगायला हवं. ‘स्किनवॉकर’ ही कल्पना नावाहो लोकांची, त्यांच्या भाषेत यी नाल्दलूशी, म्हणजे जनावराचं रूप घेऊन चार पायांवर चालणारा दुष्ट मांत्रिक. नावाहो माणसं परक्यांपुढे त्याचा उच्चारही टाळतात. रँच आहे ती यूट लोकांच्या शेजारी. १८६०च्या दशकात अमेरिकी सैन्याने नावाहोंवर चढाई केली तेव्हा यूट वाटाडे सैन्याच्या बाजूने होते, म्हणून नावाहोंनी हा शाप यूटांमागे लावला, अशी कथा जोडली जाते. शर्मन यांच्या काळात ही साधी शर्मन रँच होती. एका जमातीची धास्ती दुसऱ्या जमातीच्या शेजारच्या जमिनीला नाव म्हणून चिकटली, ती जगभर पसरली आणि पुढे त्या नावावर धंदा उभा राहिला, हे मला मनापासून खटकतं. शिवाय तपासाच्या दृष्टीनेही ते वाईट. आपल्याकडे एखाद्या घराला ‘भानामतीचं घर’ म्हटलं की तिथलं पडलेलं भांडंही नुसतं पडत नाही, कुणीतरी पाडलेलं असतं. रँचवरही नावाने आधीच निदान करून टाकलं.

खोऱ्यातले दिवे मात्र शर्मन येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. रूझवेल्ट गावातले शाळाशिक्षक ज्युनियर हिक्स वर्षानुवर्षं साक्षी गोळा करत होते. त्यांच्या नोंदींच्या आधाराने यूटा स्टेट युनिव्हर्सिटीचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सॅलिसबरी यांनी १९७४ साली पुस्तक लिहिलं. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं मत झालं होतं, आणि मलाही तसंच वाटतं. याच खोऱ्यातल्या १९६५ ते १९६८च्या दिव्यांवर फिलिप कॅलहन आणि आर. डब्ल्यू. मँकिन या दोन संशोधकांनी १९७८मध्ये ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात एक अफलातून खुलासा मांडला. स्प्रूसच्या झाडांवर जगणाऱ्या अळीचे पतंग थव्याने उडतात आणि वादळी हवेतल्या विद्युतक्षेत्रात त्यांच्या अंगावर मंद ठिणग्या उमटतात. प्रयोगशाळेत किडे विद्युतक्षेत्रात ठेवून त्यांनी ती चमक दाखवलीही. सगळ्याच साक्षींना हा खुलासा पुरेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी चमकणारा किडा टेबलावर आणून ठेवला, आणि म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो. खोऱ्याची हवाही ध्यानात घ्यायला हवी. हिवाळ्यात थंड हवा तळाशी कोंडून राहते. अशा थरांतून दूरच्या विहिरींवरच्या ज्वाळा आणि दिवे ताणलेले, तरंगणारे दिसू शकतात.

आणखी एक साक्ष फारशी कुणी सांगत नाही. शर्मन यांच्या आधी जवळपास सहा दशकं ही जमीन एकाच कुटुंबाकडे होती. इथे असलं काही कधी घडलं नाही, असं त्या मालकाच्या भावाने पुढे सांगितलं. ही साक्ष तबकडी पाहिल्याच्या साक्षीइतकीच वजनाची आहे.

जागल

एनआयडीएसची माणसं १९९६ ते २००४ या काळात रँचवर येत-जात राहिली. कॅमेरे लावले, निरीक्षणासाठी खोली उभारली, रात्री टेकाडावर बसून जागल केली. त्यांच्याकडे नाइट व्हिजन दुर्बिणी आणि मॅग्नेटोमीटर होते, माग काढणारे कुत्रेही होते. रात्रीच्या थंडीत असं बसणं किती जिकिरीचं असतं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. त्यांना काय दिसलं ते मुख्यतः केलहर आणि पत्रकार जॉर्ज नॅप यांनी २००५ साली लिहिलेल्या पुस्तकातून कळतं. खाली ज्या घटना सांगतो त्या त्यांनी दिलेल्या वर्णनाप्रमाणे.

ऑगस्ट १९९७च्या अखेरीस दोघे संशोधक एका कड्यावर शेजारी शेजारी बसले होते. खाली पिवळसर उजेड दिसू लागला. एकाच्या डोळ्याला नाइट व्हिजन दुर्बीण होती. त्याला तो उजेड बोगद्यासारखा खोल होत गेलेला दिसला आणि त्यातून एक काळी, धिप्पाड आकृती सरपटत बाहेर येऊन अंधारात गेली. दुसऱ्याला नुसता उजेड दिसला. छायाचित्रात आला तो फिकट ठिपका. पुस्तकात हा प्रसंग कळस म्हणून येतो. मी मात्र एकाच वाक्यापाशी अडतो. दोघे शेजारी, दोघे शिकलेले, आणि दोघांना दिसलेल्या गोष्टी वेगळ्या. फरक होता तो हातातल्या यंत्राचा. ती यंत्रं उजेड कित्येक पटींनी वाढवतात, त्याबरोबर दाणेदार गोंधळही वाढवतात, आणि त्यातून खोली नीट कळत नाही. दुसऱ्या रात्री त्याच कड्यावर, त्याच अंतरावर कंदील ठेवून दोघांनी आलटून पालटून त्याच दुर्बिणीतून पाहायला हवं होतं.

जुलै १९९८मधली कॅमेऱ्यांची घटना याहून महत्त्वाची आहे. एका खांबावरचे तीन कॅमेरे एकाच वेळी बंद पडले. पाहिलं तर वायरी उपटलेल्या, एक तुकडा गायब. सुमारे ६० मीटरवरच्या दुसऱ्या खांबावरचा कॅमेरा नेमका याच खांबाकडे रोखलेला होता. त्याची टेप चालवली तर खांबाजवळ कुणी दिसेना. आठ वर्षांतला हा सर्वांत भक्कम पुरावा होऊ शकला असता, कारण इथे घटनेची वेळ ठरलेली होती, मोडतोड हाताला लागत होती आणि टेपही होती. असली टेप पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या कुणाकडे जायला हवी होती, संस्थेशी आणि रँचशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडे. टेपच्या प्रती, वायरींची तुटलेली टोकं सूक्ष्मदर्शकाखाली, त्या संध्याकाळच्या उजेडात खांबाजवळ उभा केलेला माणूस त्या कॅमेऱ्याला दिसतो की नाही याची चाचणी. पंचनाम्यात पंच लागतात ते याचसाठी. पंच घरचा असून चालत नाही.

पुस्तकाने मात्र निष्कर्ष काढला तो वेगळाच. जे काही आहे ते बुद्धिमान आहे, आपण काय करणार ते त्याला आधी कळतं आणि ते यंत्रांना हुलकावणी देतं. इथे माझा आणि त्यांचा रस्ता फुटतो. एखाद्या रोगाचं मुख्य लक्षण ‘तपासणीत काही न सापडणं’ असं ठरवलं की प्रत्येक निरोगी जनावर त्या रोगाने आजारी ठरतं. कॅमेऱ्यात दिसलं तर ते आहे, नाही दिसलं तर ते हुशार आहे. अशा वहीत ‘नाही’ लिहायला रकानाच उरत नाही.

बैल आणि वासरू

एप्रिल १९९७मधला प्रसंग वाचताना मात्र मी जागेवरून उठलो होतो. चार मोठे वळू कोंडवाड्यातून नाहीसे झाले. शर्मन यांनी शोधले तर चौघेही एका छोट्या बंद ट्रेलरमध्ये दाटीवाटीने उभे, गुंगी आल्यासारखे. त्यांनी हाका मारून पत्रा वाजवल्यावर ते भानावर आले आणि धडपडत ट्रेलरचं दार फोडून बाहेर पडले. ट्रेलरच्या सळयांमध्ये चुंबकत्व आढळल्याची नोंद झाली.

चार वळू, मान खाली, गुंगीत, आणि आवाजाने दचकून जागे. हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलं आहे. झायलाझीन हे गुंगीचं औषध दिलेलं जनावर असंच उभं राहतं. गुरं या औषधाला फार हळवी असतात, घोड्याला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यातही पेंगतात. वळूंना कुणी औषध दिलं, असं मी म्हणत नाही. चार अंगापिंडाने थोराड वळू ट्रेलरमध्ये चढवायला पुन्हा माणसं आणि वेळ लागतोच. पण मी तिथे असतो तर सळईला होकायंत्र लावण्याआधी चौघांच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं असतं आणि मुताचे नमुने बर्फात ठेवले असते. निकाल ‘औषध नाही’ असा आला असता तर प्रकरण खरोखरच गूढ झालं असतं, आणि त्या गूढाला पुराव्याचा आधार मिळाला असता.

आता १० मार्च १९९७. शर्मन आणि त्यांच्या पत्नीने एका नवजात वासराच्या कानाला बिल्ला मारला. वजन सुमारे ३८ किलो. ते दुसऱ्या जनावराकडे गेले, काही शे मीटरवर. पाऊण तासाने परत आले तर वासराचे पाय फाकलेले, पोटातले अवयव नाहीत, बरंचसं मांस नाही, बिल्ल्याचा कान कापलेला, आणि जमिनीवर रक्ताचा थेंबही नाही. कान धारदार हत्याराने कापल्याचं तज्ज्ञांना आढळलं, असं पुस्तकात आहे.

अमेरिकेत १९७०च्या दशकापासून अशा ‘चिरफाड झालेल्या’ गुरांच्या हजारो तक्रारी आल्या. न्यू मेक्सिकोत एफबीआयचे माजी अधिकारी केनेथ रोमेल यांनी ४४,१७० डॉलरच्या अनुदानावर तपास करून १९८० साली अहवाल दिला. त्यांनी पाहिलेल्या जनावरांवरच्या खुणा मांसभक्षक प्राणी, पक्षी आणि माश्या यांच्याच होत्या. त्याआधी १९७९ साली आर्कान्सामधल्या वॉशिंग्टन काउंटीच्या शेरीफने एक साधा आणि फार शहाणा प्रयोग केला. मेलेली गाय उघड्यावर ठेवून ४८ तास तिच्यावर नजर ठेवली. अंग फुगून कातडी ताणून फाटली, त्या फटी सुरीने कापल्यासारख्या दिसू लागल्या, आणि आतलं माश्यांनी आणि अळ्यांनी साफ केलं. डोळे, जीभ, कास, गुदद्वार ही मऊ जागा आधी जातात, कारण कातडं न फाडता तिथूनच आत शिरता येतं. रक्त ‘नाहीसं’ होत नाही, ते खालच्या बाजूला उतरून साकळतं. गावाबाहेर मेलं जनावर टाकतात तिथे दोन दिवस उभं राहिलं की हे सगळं दिसतं. रँचवर आठ वर्षं माणसं होती. दर मोसमात एक मेलेलं वासरू कुंपणाच्या आत, कॅमेऱ्यापुढे ठेवलं असतं तर तुलनेला काहीतरी हाताशी आलं असतं.

पण १० मार्चचं वासरू कोल्ह्या-माश्यांच्या खात्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. मार्चच्या थंडीत, पाऊण तासात, अळ्या हे काम करत नाहीत, आणि धारेचा काप हा दाताचा काप नसतो. म्हणून त्या वासराची तपासणी मी अशी केली असती. सर्वांत आधी मांडीच्या जाड मांसात खोल थर्मामीटर. पाऊण तासापूर्वी जिवंत असलेल्या वासराचं मांस आतून अजून ऊबदार असतं, रात्रीच मेलेल्याचं नसतं. एवढ्या एका आकड्यावर पाऊण तासाची गोष्ट टिकते किंवा पडते. मग सांधे वाकवून बघायचे, किती ताठरले आहेत. मग कापाच्या कडा: रक्त साकळलं असेल तर वासरू कापताना जिवंत होतं. ३८ किलोच्या वासरात तीन लिटरच्या आसपास रक्त असतं. ते जमिनीवर नसेल तर वासरू तिथे कापलेलंच नाही, दुसरीकडे कापून आणून टाकलं. म्हणजे आधी ती दुसरी जागा शोधायची, चाकांच्या आणि बुटांच्या खुणांसकट. आणि बिल्ला मारलेलं तेच हे वासरू का? कानच नेला असेल तर ओळख पटवायला गाईचं आणि वासराचं रक्त जुळवून पाहायचं.

नंतरचं

संस्था २००४ साली बंद झाली. शास्त्रीय नियतकालिकात छापता येईल असा पुरावा मिळवणं कठीण गेलं, हे केलहर यांनी स्वतः मान्य केलं आहे. पुस्तकाचा परिणाम मात्र मोठा झाला. ते वाचून अमेरिकी लष्कराच्या गुप्तवार्ता संस्थेतले जेम्स लकात्स्की २००७ साली रँचवर गेले. पुढच्या वर्षी सेनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने सरकारी प्रकल्प उभा राहिला, २ कोटी २० लाख डॉलरचा, आणि त्याचं कंत्राट बिगेलो यांच्याच कंपनीला मिळालं. २०१७च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण उजेडात आणलं. मार्च २०२४मध्ये पेंटागॉनच्या एएआरओ या, अशा अज्ञात घटनांचा तपास करणाऱ्या कचेरीने ऐतिहासिक अहवाल काढला. या कंत्राटातून यूटामधल्या मालमत्तेवर सावल्यांच्या आकृत्या आणि विचित्र प्राणी यांचाही तपास झाला, ही मालमत्ता तेव्हा कंत्राटदार संस्थेच्या प्रमुखाच्याच मालकीची होती, आणि कामात दम नसल्याने प्रकल्प २०१२ साली थांबवला, असं त्यात नोंदवलं आहे. जमिनीचा मालक, तपासाचा खर्च करणारा आणि तपास करणारा एकच. सरकारी पैसा आल्यावरही पंच घरचेच राहिले.

२०१६ साली यूटाचे स्थावर मालमत्ता व्यावसायिक ब्रँडन फ्यूगल यांनी रँच घेतली आणि २०२० साली स्वतःचं नाव जाहीर केलं. त्याच वर्षापासून हिस्टरी वाहिनीवर तिथली मालिका सुरू झाली. तिथे रॉकेटं सोडतात, कड्यात भोकं पाडतात. मी दोन-तीन भाग पाहिले आणि थांबलो. प्रत्येक जाहिरातीआधी काहीतरी घडावंच लागतं, आणि जागल तशी नसते. जागलीच्या शंभरांतल्या नव्व्याण्णव रात्री काहीच घडत नाही, आणि शंभराव्या रात्रीला अर्थ असतो तो त्या नव्व्याण्णव रात्री लिहून ठेवलेल्या असतात म्हणून.

त्या मार्चमध्ये मी रँचवरचा पशुवैद्य असतो आणि वर्णनात आहे तेच मला आढळलं असतं, तर माझा कागद असा झाला असता: वासरू, नर की मादी, वय, वजन, मांडीचं तापमान इतकं, काप धारदार हत्याराचा, घटनास्थळी रक्त नाही, सबब कापण्याची जागा दुसरी, संशय अनोळखी इसमावर. दोन पंचांच्या सह्या, त्यातला एक शेजारचा यूट शेतकरी. आणि तो कागद त्याच संध्याकाळी काउंटीच्या शेरीफकडे.